गोधडीची मधली जागा

मार्गशीर्ष शु. ४, शुक्रवार. सन फसली १३३५. मु. पाली.

बीडला जाऊन आले. लेकाचा हट्ट. लेक म्हणजे गणपत, तहसिलीत चपराशी. (यापुढं नुसतं ग. लिहीन. जास्त अक्षरं काढली की बोटं आखडतात.) हैदराबादच्या सरकारला म्हणे अजायबखाना करायचा हाय. त्यासाठी एक साहेब गावोगाव जुन्या वस्तू गोळा करत फिरतोय. जमलेलं सगळं बीडच्या मदरशात मांडलं होतं, लोकांनी बघावं म्हणून. ग. दाराशी उभा, कमरेला पट्टा, जशी काय ह्याचीच जहागीर.

तलवारी. नाक तुटलेल्या मूर्ती. एक फुटकं घंगाळ, असलं आमच्या गोठ्यात म्हशीपुढं असतं. आणि एका काचेच्या पेटीत गोधडी. फाटकी! माणसं रांगेनं तिच्यापुढून जात होती, टोप्या सावरत. मला हसू फुटलं. मग जवळ गेले. धावदोरा असा बारीक की डोळा ठरेना. कुण्या बाईनं डोळे घातलेत त्याच्यात. एका कोपऱ्यात पोराच्या अंगरख्याची कड, बटणासकट.

खाली कागद होता, उर्दूत. ग.ला विचारलं, "कुणाची रे?"

"जुनी हाय एवढंच लिवलंय."

"बाईचं नाव?"

"माय, गोधडीला कुटं नाव असतंय का?"

येताना गाडीत तेच डोक्यात. ते बटण कुण्या पोराचं.

शु. ७, सोमवार.

माळ्यावरचं गाठोडं काढलं. सून म्हणाली, "आत्याबाई, उंदरं सुटतील घरभर." सुनेचं नाव पारू. तोंड माझ्यासारखंच, म्हणून पटतं आणि म्हणूनच पटत नाही.

सासऱ्याचं पागोटं, लाल होतं, आता विटेसारखं झालंय. खजाना बावडीच्या पाटावर पाण्याची पाळी सोडायचा म्हातारा. कुणाच्या शेतात किती पाणी ते त्याच्या तोंडावर. सासूचं हिरवं इरकली. तिचं नाव ठकूबाई, आणि नावाप्रमाणं नव्हती, सरळ शिव्या द्यायची. ह्यांची बाराबंदी, खिशापाशी तंबाखूचा डाग तसाच. माझ्या लग्नातलं पिवळं. सटवीनं नेलेल्या पोराची कुंची, ग.च्या पाठचा. ग.ची मुंजीएवढ्या वयातली पैरण. पारूच्या पोरांची झबली.

सगळ्यांची एक गोधडी करायची. आमच्या घरची. कुणी विचारलं तर एकेका तुकड्यावर बोट ठेवून सांगता यावं, हा अमका, ही तमकी.

मग सोनाचं, माझ्या लेकीचं, काही सापडतंय का बघितलं. गाठोडं दोनदा झटकलं.

काही नाही.

असणार कुठून. मानमोडीच्या साथीत जावई गेला, लेक परत आली, दोन वरसं ह्या घरात राहिली. मग काळ्या कपड्यांच्या बाया आल्या, कृष्णाचं नाव घेत फिरणाऱ्या, भिक्षा मागून खाणाऱ्या. त्यांच्यात गेली. जाताना आपलं होतं नव्हतं ते सगळं वाटून टाकलं. लुगडी कैकाडणीला, चोळ्या कुणाला. म्हणाली, माय, मागं काही ठेवायचं न्हाई असं हाय आमच्यात.

"आमच्यात" म्हणाली. माझ्यापुढं.

शु. ९, बुधवार.

गोधडी घातली. अस्तराला धोतराचं पान. सगळ्यात जुनं माणूस कडेला, धाकटं आत. आमच्याकडं टाका बाहेरून आत जातो, चारी बाजूंनी फिरत फिरत, मधला भाग शेवटी. आधी मध्य शिवला तर फुगा येतो आणि मग कितीही ओढा, बसत नाही.

पारू समोर बसली, दुसरी बाजू धरून. बरी शिवते. सांगितलं नाही.

"आणि मदी काय घालायचं, आत्याबाई?"

"सोनाचं."

"त्यांचं हाय कुटं काय?"

"न्हाई म्हणूनच मदी. तिथं पोचायला वेळ हाय."

 पारूनं दोरा दातानं तोडला.

ग. संध्याकाळी आला, गोधडी बघून हरखला. साहेबाला सांगणार म्हणे. साहेब पौषात परत येणार आहे, पालीच्या बावडीकडचे दगड बघायला. गोधडी अजायबखान्यात गेली तर साहेबाची मर्जी बसेल, ग.ची जागा कायम होईल. म्हणलं बघू. ठकूबाई काचेत! म्हातारी आतून शिव्या देईल जाणाऱ्या येणाऱ्याला.

पौर्णिमा, सोमवार.

कासारीण आली बांगड्या घेऊन. पारूचा हात दाबता दाबता सांगितलं, चौसाळ्याला काळ्या बायांचा मुक्काम पडलाय, गावाबाहेर पडक्या मठात. म्हैनाभर तरी असतील.

"त्यात एक तुमच्या सोनावानी वाटली. हनुवटीवर तीन ठिपके. डावा पाय जरासा टाकून चालती."

पारूच्या हातातली बांगडी फुटली. कासारणीनं दाबली म्हणून का मी ओरडले म्हणून, माहीत नाही.

पाच वरसांत तिची ही पहिली बातमी. मधे कुणी सांगितलं होतं गंगेपल्याड, गोदावरीच्या पार गेली, कुणी सांगितलं वऱ्हाडात. आणि आता चौसाळा. सकाळी गाडी जुंपली तर दिवस मावळायला पोचते.

वद्य ३, गुरुवार.

ग. नको म्हणतो.

"माय, त्यांचा नेमच हाय तसा. नात्याच्या माणसाशी बोलायचं न्हाई. तू जाशील, ती तोंड फिरवील, मग तू इथं येऊन पंधरा दिस आमचं खाणं कडू करशील."

"मी तिच्याशी बोलायला न्हाई चालले. तिच्या कपड्याची चिंधी मागायला चालले."

"काळी चिंधी? घरच्या गोधडीत? कावून अपशकुन करायलीस?"

"तुजं लगीन चांगल्या मुहूर्तावर पिवळं नेसून लावलं होतं मी. काय दिवे लागले?"

पारू आतून, "आत्याबाई, माझ्यावर कावून?" खरं तर तिच्यावर नव्हतं. बोलण्यात आली.

ग.ला बहिणीचा राग नाही. मला माहीत आहे. तो तिचं नाव काढत नाही कारण नाव काढलं की त्याचा आवाज जाड होतो, आणि चपराशाचा आवाज जाड झालेला चालत नाही.

वद्य ६, रविवार. चौसाळा.

काल पोचले. गोदाकडं उतरले. गोदा माझी मावसबहीण, हिचं घर वेशीजवळच. दात गेलेत तरी बोलणं तसंच.

बाया सकाळी उन्हं वर आल्यावर भिक्षेला निघतात. कुणाच्या दारी जायचं ते ठरलेलं नसतं, पाय नेतील तिकडं. म्हणून मी मठाकडं गेलेच नाही. गोदाच्या दारात बसले. गोदाला म्हणलं, भाकरी मी टाकते, वाढते पण मीच.

"आणि ती आमच्या दारी न्हाईच आली तर?"

"तर उद्या बसीन."

"उद्याबी न्हाई आली तर?"

"गोदे, पीठ तुजं संपतंय का माझी बसायची जागा?"

आज दोघी आल्या. एक म्हातारी, एक अगदी कोवळी. मान खाली, झोळी पुढं. वाढलं. हनुवटी बघितली दोघींची. नाही.

वद्य ७, सोमवार.

आली.

लांबूनच पाय ओळखला. अंगणात आली, उभी राहिली. मान खाली. मला बघितलं का नाही सांगता येत नाही. झोळीत आधीच्या घरांचं सगळं एकत्र, भाकरी, आमटी, कुणाचा भात, एका ठिकाणी कालवलेलं. लहानपणी पानात भाजीचं पाणी भाताला लागलं तर ताट ढकलायची ही.

वाळलीय. टाचा फुटल्यात, आत माती बसलेली. अंगावरचं काळं वस्त्र असं विरलंय की त्यातून खांद्याचं हाड दिसतं. खोकत होती. ह्या थंडीत!

मी काय काय ठरवलं होतं. वाटेत गाडीत बोलून बघितलं होतं, गाडीवान मागं वळून बघायचा. आणि तोंडातून निघालं काय,

"गरम हाय भाकर. बोटं भाजून घेऊ नगंस."

ती म्हणाली, "सुखी ऱ्हावा, माय."

आणि गेली. शेजारच्या दारी.

गोदा म्हणाली, "अगं, समद्याच दारात तसंच म्हणत्यात त्या." 

मला माहीत आहे. गप बस म्हणलं.

चिंधी मागायचं सुचलंच नाही. आणि मागणार तरी कुठली, आधीच अंगावर अपुरं.

वद्य ८, मंगळवार.

मठात गेले शेवटी. त्यांच्यातल्या थोरल्या बाई झाडत होत्या. पिकलेल्या, पण कंबर ताठ. बसा म्हणाल्या. कोण कुठली विचारलं नाही, त्यांना कळलं असावं. सोना तिथंच कुठंतरी असेल, मी इकडं तिकडं बघितलं नाही. म्हणजे एकदा बघितलं.

चिंधीचं विचारलं. हसल्या.

"माय, वस्त्र तिचं न्हाईच. ती ते द्यायची कशी? आणि नात्यातल्याला तर मुळीच न्हाई."

"बरं. मग मी दिलेलं ती घेईल?"

"ती न्हाई. तिच्यासाठी म्हणून आणलंस तर मी परत पाठवीन." झाडू टेकवला. "लोकांनी टाकलेलं, फाटकंतुटकं, ते आम्ही घेतो. सगळ्यांत मिळून. कुणाच्या वाट्याला काय येईल ते कुणी बोलायचं न्हाई."

"कशावर निजता?"

"हाय की जमीन."

"आणि पांघरायला?"

त्यांनी परत झाडू उचलला. आतून कुणीतरी खोकलं. त्या खोकल्याचं माणूस मला दाखवायची गरज नव्हती.

वद्य १२, शनिवार. पाली.

घरी. गोधडी मधल्या जागेपर्यंत आलीय. मी नव्हते तेवढ्यात पारूनं दोन ओळी फिरवल्यात, आणि नीट फिरवल्यात. मधे वीतभर नुसतं अस्तर, वर काही नाही.

ग. म्हणाला तांबडा खण आणतो, मधे लाव, झालं. साहेबाला लई आवडेल.

मी म्हणलं, ही साहेबाला जायची न्हाई, मठात जायची.

मग सगळं सांगितलं. टाचा, खोकला, विरलेलं वस्त्र. ग. ऐकत होता, पट्टा हातात गुंडाळत.

"तिलाच मिळेल कशावरून?"

"न्हाई कशावरूनच."

"मग? कुणी परकी बाई आपल्या आजाचं पागोटं अंगाखाली घेऊन पडणार? माय, तिकडं काचेत ती शंभर वरसं राहील. नाव लागेल घराचं. माझं बी भलं होईल. आणि तू ती चिखलात टाकायलीस."

खरं बोलतो. वाईट ह्याचंच वाटतं की खरं बोलतो. पोरगं कधी काही मागत नाही. जेवायला वाढलं तर पान तसंच ठेवून गेला.

अमावास्या, मंगळवार. येळवस.

पिकाची पूजा करून शेतात जेवणं झाली. भज्जी, आंबील, सगळं पारूनं केलं. पोरांनी पिकात आंबील शिंपडली. ग. माझ्यापासून दोन बांध लांब बसला.

मी गोधडी बरोबर नेली होती. उन्हात पसरली आणि मधलं अस्तर सुरीनं कापून काढलं. आरपार भोक. पारू ओरडली, "आत्याबाई, येड लागलं का!"

"चांगली गोधडी घेणार न्हाईत त्या. फाटकी घेत्यात."

 पारूनं सुई घेतली आणि भोकाची कड सुटू नये म्हणून टाके घालत बसली. म्हणाली, "फाटकी असली तरी उसवायची तर न्हाई ना."

पौष शु. ३, शुक्रवार. चौसाळा.

दिली.

थोरल्या बाईंनी पसरली, भोकातून हात घालून बघितलं. "टाकलेली हाय?"

"टाकलेली हाय."

"बरी जड हाय माय. आमाला पाठीवर न्यायचं असतं, एकीला झेपायची न्हाई. चार तुकडे करू."

 तुकडे! हे मी धरलंच नव्हतं. सासऱ्यापासून नातवापर्यंत एका ठिकाणी बसवलं होतं सगळ्यांना, जिवंतपणी एका पंगतीत बसले नाहीत ते. बाई विळा शोधायला लागल्या.

"थांबा," म्हणलं. "मी कापते. तुमी कापाल तर आतल्या चिंध्या बाहेर येतील."

मीच कापली. उभी एकदा, आडवी एकदा. सासू एकीकडं गेली, सासरा दुसरीकडं, त्यांना बरंच वाटलं असेल. ह्यांची बाराबंदी माझ्या पिवळ्यापासून तुटली.  मग तिथंच पडवीत बसून चारी तुकड्यांच्या कडा शिवल्या. ऊन सरकत भिंतीवर गेलं. बाया येत जात होत्या, पाणी आणत होत्या. एक माझ्याकडं पाठ करून जात्यावर भिक्षेतले दाणे दळत बसली होती. डावा पाय पुढं टाकलेला. ती जागची उठली नाही, मीही उठले नाही. माझी सुई, तिचं जातं. 

कडा झाल्यावर दोरा तोडून उठले. थोरल्या बाई म्हणाल्या, तू गेल्यावर वाटू.

बरं म्हणलं. जात्याचा आवाज वेशीपर्यंत येत होता. का मला वाटला.

पौष शु. ८, बुधवार. पाली.

ग. चार दिवस बोलला नव्हता. आज बोलला. "कशी दिसती?" एवढंच.

"तुज्या बापावर गेलीय. हाडं."

"खोकला लई हाय?"

"हाय."

मग त्याचा आवाज जाड झाला आणि तो बैलाला पाणी पाजायला गेला. बैल आताच पाणी पिऊन आला होता.

पौष वद्य ५, सोमवार.

साहेब आला. टोपी, चष्मा, बोलायला गोड. बावडीचे दगड बघून झाले, मग आमच्या ओट्यावर. ग. मागं उभा, तोंड पडलेलं.

"बडी माँ, वो गुदडी?"

"फाटली. देऊन टाकली."

"अरे! तो दूसरी बना दो."

म्हणलं, दुसरी करायची तर आदी तेवढी माणसं पैदा करावी लागत्यात, साहेब, आणि ती मरावी लागत्यात. ग.नं हिंदुस्तानीत सांगताना अर्धं गाळलं, मला समजलं. साहेबालाही समजलं असावं, कारण तो हसला.

रिकाम्या हातानं कसा जाईल. कोनाड्यातला ठकूबाईचा अडकित्ता उचलला. पितळी, मोराच्या तोंडाचा. ने म्हणलं, सुपारी कोण खातंय आता. पण नाव लिही. ठकूबाई. त्यानं लिहिलं, उर्दूत, उजवीकडून. खरंच लिहिलं का काय देव जाणे. पावतीवर अंगठा घ्यायला कारकुनानं शाई पुढं केली. मी टाक मागितला. लहानपणी पंतोजींची पडवी सारवायला जायची, तिथली अक्षरं अजून पुरतायत.

ग.च्या जागेचं साहेब काही बोलला नाही. अडकित्त्यानं जागा कायम होत नसेल. ग. मला काही म्हणाला नाही. म्हणाला असता तर बरं झालं असतं.

संक्रांत, गुरुवार.

गोदाचा निरोप. चौसाळ्याचा मुक्काम उठला. कोण कुठल्या वाटेनं गेलं ठाऊक नाही, दोघी दोघी, चौघी चौघी पांगल्या. पालीकडून जाणार नाहीत, आपलं गाव वर्ज्य असतं. निदान सोनाला.

तिळगूळ केला. खाल्ला.

पारूनं विचारलं, "आत्याबाई, त्यांना मिळाला असंल का एक तुकडा?"

"चारात एक."

"बाया किती होत्या?"

मोजल्याच नाहीत मी. चारापेक्षा जास्त होत्या खऱ्या.

माघ शु. ५, मंगळवार.

सकाळी दारात काळ्या कपड्यातली बाई. आधी हनुवटी बघितली. नाही. कोवळी पोर, चौसाळ्याला पहिल्या दिवशी आली होती तीच. खांद्यावर घडी टाकलेली. हिरवी कड. ठकूबाईचं इरकली.

भाकरी वाढली. पोरीनं मान वर केली नाही. मी म्हणलं, "ऊब धरती का?"

तिनं मान हलवली.

मला ठाऊक आहे, दुसऱ्याचं बोलायची त्यांना मनाई. तरी विचारलं. "बाकीचे तुकडे कुटं गेले, बाई?"

तिनं झोळीची गाठ आवळली. म्हणाली, "एक गंगेपल्याड गेला."

"कुणाजवळ?"

"सुखी ऱ्हावा, माय," म्हणाली आणि पुढच्या दारी गेली. तिथून पुढं, वळणावर. पारू पळत बाहेर आली, हात पिठाचे, "काय म्हणाली, काय म्हणाली?"

सांगितलं.

"म्हंजे कंचा? बाराबंदीचा का पागोट्याचा?"

ते विचारायचं राहिलं.